५८ मजल्यांचा टॉवर कलतो कसा, आणि कललेला सरळ का करत नाहीत

सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन स्ट्रीटवरच्या मिलेनियम टॉवरची बातमी अधूनमधून फिरत फिरत आपल्याकडेही येते. कोट्यवधींचे फ्लॅट आणि इमारत जमिनीत चालली आहे, असा मथळा असतो. सोबत कॅमेराच तिरका धरून काढलेला फोटो. मथळ्यात तथ्य आहे, फोटोत नाही. रस्त्यावर उभं राहून नुसत्या डोळ्यांना दिसावा एवढा त्या इमारतीचा कल कधीच नव्हता.

इमारत ५८ मजल्यांची, ६४५ फूट म्हणजे १९७ मीटर उंच. २००९ मध्ये पूर्ण झाली. ४१९ फ्लॅट, आणि शहरातल्या सर्वांत महागड्या पत्त्यांपैकी एक. लिफ्टमधली बटणं मात्र ६० पर्यंत जातात, कारण १३ आणि ४४ हे आकडे अशुभ म्हणून गाळले आहेत. शुभाशुभाची एवढी काळजी घेतलेल्या इमारतीला गोत्यात आणलं ते खालच्या मातीने. इमारत तिच्या पूर्ण आयुष्यात ४ ते ६ इंच खचेल असा अंदाज होता. मे २०१६ मध्ये रहिवाशांना सांगण्यात आलं की ती १६ इंच खचली आहे आणि एका बाजूला कललीही आहे. ऑगस्टपर्यंत ही गोष्ट जगभर झाली.

अंदाज इतका कसा चुकला, हे समजायला आधी खाली उतरावं लागेल.

पायाखाली काय आहे

आज जिथे काचेचे टॉवर उभे आहेत, तिथे १८४९ च्या आधी खाडीचा काठ होता. कॅलिफोर्नियात सोनं सापडल्यावर माणसांचा लोंढा आला, किनाऱ्यावर जागा अपुरी पडू लागली आणि येरबा बुएना नावाची छोटी खाडी भराव टाकून बुजवली गेली. खलाशी सोन्याच्या मागे निघून गेल्यावर बेवारस पडलेली जहाजंही त्या भरावात गाडली गेली.

त्यामुळे इथे वरून खाली जाताना आधी हा भराव लागतो, मग खाडीचा मऊ गाळ, मग कोल्मा नावाने ओळखला जाणारा घट्ट रेतीचा थर. त्याच्या खाली जुन्या चिकणमातीचा जाड थर आहे, आणि पक्का खडक २०० फुटांहून खोल आहे. या थरांपैकी दोनच लक्षात ठेवले तरी पुरेत: घट्ट रेती आणि तिच्याखालची चिकणमाती.

पाया खडकावर का नेला नाही

वरची माती कच्ची असली की पाइल घालतात. पाइल म्हणजे जमिनीत खोल उतरवलेला काँक्रीटचा किंवा पोलादाचा खांब. तो दोन प्रकारे भार पेलतो. एक तर त्याचं टोक खडकावर टेकतं आणि सगळं वजन थेट खडकावर जातं. नाहीतर खांबाच्या अंगाला लागून असलेली माती घर्षणाने त्याला धरून ठेवते आणि टोकाखालचा घट्ट थर उरलेला भार घेतो.

मिलेनियम टॉवरसाठी दुसरा प्रकार निवडला. काँक्रीटचे आधीच ओतून तयार केलेले, १४ इंच चौरस असे सुमारे ९५० पाइल ठोकून ६० ते ९० फूट खोल, रेतीच्या थरात उतरवले. त्यांच्या डोक्यांवर १० फूट जाडीचा काँक्रीटचा एकसंध तक्ता घातला. आपल्याकडे बांधकामावर त्याला राफ्ट म्हणतात. सगळा टॉवर या राफ्टवर उभा आहे.

‘पैसे वाचवायला खडक सोडला’ हा आरोप पुढे खूप झाला. तो अगदीच निराधार नाही, कारण २०० फुटांपलीकडे जाणारा प्रत्येक पाइल वेळ आणि पैसा दोन्ही खातो. पण त्या भागातल्या बऱ्याच जुन्या उंच इमारती अशाच रेतीवर टेकलेल्या पाइलवर उभ्या आहेत आणि नीट उभ्या आहेत. निर्णय बेअक्कलपणाचा नव्हता. फक्त तो एका गृहीतकावर उभा होता: रेतीखालची चिकणमाती फारशी दबणार नाही.

चिकणमाती दबते म्हणजे काय होतं

श्रीखंडासाठी दही फडक्यात बांधून टांगतात, किंवा घाई असली तर पुरचुंडीवर वजन ठेवतात. पाणी थेंबथेंब गळतं आणि चक्का आकाराने लहान होत जातो. दह्यातला घन भाग दाबाने लहान झालेला नसतो, त्याच्या कणांमधलं पाणी निघून गेलेलं असतं. वजन ठेवल्या क्षणी काहीच झालेलं दिसत नाही. सकाळी उघडून पाहावं तर पुरचुंडी निम्मी.

पाण्याने भरलेली चिकणमाती अशीच वागते. तिचे कण इतके बारीक आणि त्यांच्यामधल्या वाटा इतक्या अरुंद असतात की पाणी बाहेर पडायला महिने नाहीत, वर्षं लागतात. जाड थर असेल तर दशकं. इंजिनिअर या पाणी निघून दबण्याला कन्सॉलिडेशन म्हणतात. थराची जाडी दुप्पट झाली तर दबायला लागणारा वेळ चौपट होतो. रेतीचं तसं नसतं. तिच्यातून पाणी झटकन निघतं, त्यामुळे तिला जे काही दबायचं ते बांधकाम चालू असतानाच दबून होतं. इमारत पूर्ण होऊन लोक राहायला आल्यावरही खचतच राहिली, तर बोट चिकणमातीकडे जातं ते यामुळे.

आणखी एक गुण महत्त्वाचा आहे. एकदा दहा किलोखाली दाबून घेतलेल्या चक्क्यावर पुन्हा पाच किलो ठेवले तर फारसं पाणी निघत नाही. पंधरा किलो ठेवले की मात्र पुन्हा धार लागते. चिकणमातीलाही पूर्वी सोसलेला सर्वांत मोठा दाब जणू आठवतो. त्या दाबाच्या आत नवा भार आला तर ती थोडीच दबते. दाब त्या सीमेपलीकडे गेला की तेवढ्याच वाढीव भाराला ती कित्येक पटींनी जास्त दबते. सॅन फ्रान्सिस्कोची जुनी चिकणमाती अशी पूर्वी दाबली गेलेली आहे, म्हणून थोडंच खचेल हा अंदाज अगदी हवेतला नव्हता. पण सीमेजवळ पोचलेल्या मातीच्या बाबतीत हिशेबातली लहान चूकही महाग पडते.

पाइलची चाचणी घेतात ना? मग तेव्हाच का कळलं नाही

घेतात. एका पाइलवर जॅकने भार वाढवत नेतात आणि तो किती मिलिमीटर खाली जातो ते मोजतात. चाचणी एकदोन दिवसांत आटोपते आणि पाइल सहसा पास होतो.

ही चाचणी दोन गोष्टी सांगतच नाही. पहिली म्हणजे वेळ. दोन दिवसांत चिकणमातीतलं पाणी हलतसुद्धा नाही. दुसरी जास्त महत्त्वाची, आणि ती साइटवरच्या अनुभवी माणसांच्याही नजरेतून सुटते. एका पाइलचा दाब त्याच्या टोकाखाली थोड्याच अंतरावर विरून जातो. पण शेकडो पाइल दाटीने ठोकले की ते सुटे खांब राहत नाहीत. खांब आणि मधली माती मिळून एकच अवाढव्य ठोकळा होतो, आणि ठोकळा जितका रुंद तितका त्याचा दाब खोल जातो. ढोबळमानाने, रुंदीच्या दीडदोन पट खोलीपर्यंत हा दाब लक्षात घेण्याजोगा असतो. शंभर फूट रुंदीच्या ठोकळ्याचा दाब रेती ओलांडून चिकणमातीत खोलवर पोचणारच. सुटा पाइल उत्तम आणि सगळे मिळून नापास, असं खरंच होऊ शकतं.

म्हणून मातीचा अहवाल वाचताना पाइलच्या टोकाला कोणता थर लागला, एवढं पाहून भागत नाही. त्या टोकाच्या खाली काय आहे आणि किती जाड आहे, ते पाहावं लागतं. माती तपासायला पाडलेली भोकं, म्हणजे बोअर, तिथपर्यंत नेलेच नसतील तर ते कळणारच नाही.

वजन आणि तळघर

हा टॉवर काँक्रीटचा आहे. तेवढ्याच उंचीची पोलादी सांगाड्याची इमारत बरीच हलकी भरली असती. काँक्रीटचेही फायदे आहेत. मजल्यांची उंची वाचते, वाऱ्यात झुलणं कमी होतं, फ्लॅटमधला आवाज शेजारी जात नाही. राहण्याच्या इमारतींना ते सोयीचं पडतं, पण किंमत पाया मोजतो.

दुसरी गोष्ट खोदकामाची. इमारतीखाली खोल तळघर असलं की तिथली माती उचलून बाहेर नेलेली असते. जेवढ्या मातीचं वजन गेलं तेवढ्या इमारतीचं वजन खालच्या थराला जाणवतच नाही. मिलेनियम संकुलात पाच पातळ्यांचं पार्किंग शेजारच्या ठेंगण्या इमारतीखाली आहे आणि उंच टॉवरखाली एकच तळघर. सगळ्यात जड भाग जिथे उभा आहे, तिथेच सगळ्यात कमी माती उचलली गेली.

शेजाऱ्याने पाणी उपसलं तर आपली इमारत का खचते

टॉवर झाल्यानंतर दक्षिणेला अगदी लगत ट्रान्झिट सेंटर नावाच्या बसस्थानकासाठी सुमारे ६० फूट खोल लांबच लांब खड्डा खणला गेला. पश्चिमेला फ्रेमॉन्ट स्ट्रीटच्या पलीकडे ६१ मजल्यांच्या सेल्सफोर्स टॉवरचा पाया खणला गेला. आसपास आणखीही खोल कामं झाली. भूजल वर असलेल्या जागेत खड्डा कोरडा ठेवायचा तर सतत पंप चालवावे लागतात. बांधकामवाले याला डीवॉटरिंग म्हणतात.

जमिनीतलं पाणी वरच्या मातीचं काही वजन स्वतः पेलत असतं. ते काढलं की तेवढं वजन मातीच्या कणांवर येतं. हिशेब सोपा आहे. पाण्याची पातळी एक मीटर उतरली की खालच्या मातीवर दर चौरस मीटरला सुमारे एक टन दाब वाढतो. तीन मीटर उतरली तर तीन टन, म्हणजे जवळपास दोनतीन मजले आणखी चढवल्यासारखं, तेही वर एक वीट न रचता. चिकणमाती आधीच तिच्या सीमेजवळ असेल तर एवढा धक्का पुरतो. आणि उपसा एकाच बाजूला झाला, तर त्या बाजूची माती जास्त दबते.

टॉवर बांधणाऱ्यांनी आणि रहिवाशांपैकी अनेकांनी या उपशाकडे बोट दाखवलं. ट्रान्झिट सेंटरच्या संस्थेचं उत्तर होतं की आम्ही जमिनीला हात लावण्याआधीच टॉवर १० इंच खचला होता. कागद पाहिले तर फेब्रुवारी २००९ मध्ये, म्हणजे शेजारचं खोदकाम सुरू होण्याच्या आधी, शहराच्या बांधकाम विभागाने अपेक्षेपेक्षा जास्त खचण्याबद्दल विचारणा केली होती. तेव्हाच आकडा ८ इंचांच्या पुढे गेला होता. म्हणजे मूळ अंदाज शेजाऱ्याशिवायही चुकलाच होता. शेजाऱ्याने त्यात किती भर घातली, याचा निवाडा कोणत्याही न्यायालयाने खटला चालवून दिला नाही. सगळ्या पक्षांमध्ये मध्यस्थीने तडजोड झाली, २०२० मध्ये तिला मंजुरी मिळाली आणि दुरुस्तीचे सुमारे १० कोटी डॉलर तिच्यातूनच आले.

या सगळ्यात मूळ मंजुरीच्या वेळची एक उणीव उघडी पडली. तिऱ्हाईत तज्ज्ञांकडून वरच्या सांगाड्याची तपासणी झाली होती, पण पायाखालच्या मातीच्या गृहीतकांकडे तसं कोणी बाहेरून पाहिलं नव्हतं. सांगाड्याचं गणित चोख आणि मातीचं एकाच फर्मच्या भरवशावर, ही विषमता आपल्याकडेही सर्रास आहे.

खचणं वेगळं, कलणं वेगळं

सगळा पाया एकसारखा १६ इंच खाली गेला असता तर ही बातमीच झाली नसती. रस्त्यावरून आत येणारे पाण्याचे, गॅसचे, सांडपाण्याचे जोड बदलावे लागले असते, पायऱ्यांची उंची जुळवावी लागली असती, आणि प्रकरण मिटलं असतं.

त्रास होतो तो एक बाजू दुसरीपेक्षा जास्त खचली की. टॉवरचा वायव्य कोपरा जास्त खाली गेला. पायाची रुंदी १०० फूट धरली आणि एक कड दुसरीपेक्षा ४ इंच खाली गेली, तर ६४५ फुटांवरचा शेंडा ओळंब्यापासून सुमारे २६ इंच सरकतो. खाली बोटांवर मोजता येणारा फरक वर हातभर होतो.

मग ती पडेल का? नाही, आणि त्याचंही गणित करता येतं. शेंडा २६ इंच सरकला तर इमारतीचा भारमध्य साधारण मध्यावर असल्याने तो १३ इंच सरकेल. इमारत उलटायला तो पायाच्या कडेबाहेर, म्हणजे ५० फूट सरकायला हवा. कोनात सांगायचं तर हा कल अंशाचा पाचवा भागही नाही. पिसाचा मनोरा दुरुस्तीनंतरही सुमारे ४ अंश कललेला आहे. शहराने नेमलेल्या तज्ज्ञांनीही तपासून सांगितलं की खचल्यामुळे टॉवरच्या भूकंप सोसण्याच्या क्षमतेत चिंता करण्याएवढी घट झालेली नाही. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये भूकंपाचा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो, आणि तो रास्तच आहे.

खरं दुखणं रोजच्या वापराचं आहे. लिफ्टचे रूळ सरळ रेषेत लागतात. सांडपाण्याच्या आडव्या पाइपांना फुटामागे जेमतेम पाव इंच उतार दिलेला असतो, आणि इमारत उलट्या बाजूला कलली की तो मावळत जातो. बाहेरच्या काचेच्या तावदानांचे सांधे ताणले जातात. राफ्टचा मधला भाग कडांपेक्षा जास्त दबून तो बशीसारखा वाकला तर तळघराच्या भिंतींना तडे जातात, आणि इथे ते गेलेच. दुरुस्तीची आखणी करणाऱ्या इंजिनिअरांचा अंदाज होता की कल ४० इंचांच्या आसपास पोचला तर लिफ्ट आणि नळकाम नीट चालणार नाही. पडण्याच्या कितीतरी आधी इमारत राहण्याजोगी राहिली नसती.

दुरुस्ती नेमकी काय केली

सिम्पसन गम्पर्ट्झ अँड हेगर या फर्मच्या रॉन हॅम्बर्गर यांनी आखलेला उपाय असा होता. सगळा टॉवर उचलायचा नाही. ज्या दोन बाजू जास्त खचल्या, उत्तरेची मिशन स्ट्रीटची आणि पश्चिमेची फ्रेमॉन्ट स्ट्रीटची, तिथे फुटपाथखाली नवे पाइल थेट खडकात रुतवायचे आणि इमारतीचा थोडा भार त्यांच्यावर घ्यायचा. मूळ आखणी ५२ पाइलची होती.

कामाचा क्रम साधारण असा. फुटपाथ खणून जुन्या राफ्टच्या कडेला काँक्रीटचा नवा भाग जोडायचा आणि त्यात पाइल जातील अशी भोकं ठेवायची. मग ३६ इंच व्यासाची पोलादी नळी माती बाहेर काढत काढत खाली उतरवायची. तिच्या आतून २४ इंची नळी आणखी खाली नेऊन खडकात रुजवायची आणि ती काँक्रीटने भरायची. पाइलच्या डोक्यावर हायड्रॉलिक जॅक बसवायचा. जॅकच्या वर एक जाड पोलादी तुळई, आणि ती जाड सळयांनी नव्या राफ्टला जखडलेली. जॅकमध्ये दाब भरला की तो पाइलला खाली रेटतो. पाइल खडकात असल्याने हलत नाही, म्हणून तुळई वर जाऊ पाहते आणि तिच्यासोबत राफ्टची कड. ठरलेला भार आला की तो तिथेच कायमचा जखडून टाकायचा.

काम सुरू झालं आणि उलटंच घडलं. २०२१ च्या सुरुवातीला शेंड्याचा कल सुमारे १७ इंच होता. ऑगस्टमध्ये तो २२ इंचांपर्यंत गेल्यावर काम थांबवण्यात आलं. २०२२ च्या सुरुवातीला आकडा २६ वर होता. नळ्या उतरवताना बसणारी कंपनं, आणि नळीच्या मापापेक्षा जास्त निघालेली माती, ही दोन कारणं पुढे आली. नळीभोवती पोकळी राहिली की आजूबाजूची माती तिच्यात सरकते, आणि ही माती होती नेमकी सर्वांत जास्त खचलेल्या कडेला लागून. दुखऱ्या जागी शस्त्रक्रिया करताना दुखणं वाढणं नवलाचं नाही. पण ५२ ठिकाणी ते करायचं म्हणजे दुरुस्ती संपेपर्यंत कल ४० इंचांच्या वाटेला लागला असता.

म्हणून पद्धत बदलली आणि पाइलची संख्या १८ वर आणली: ६ मिशन स्ट्रीटच्या बाजूला, १२ फ्रेमॉन्टच्या. संख्या घटल्यामुळे प्रत्येकावरचा भार वाढवून सुमारे १० लाख पौंड, म्हणजे साधारण ४५० टन करावा लागला. सगळे मिळून ८,००० टनांच्या आसपास. एवढ्या मोठ्या टॉवरच्या वजनापुढे हा आकडा फार मोठा नाही. २०२३ च्या मध्यापर्यंत सगळे पाइल भाराखाली आले, आणि शेंडा सुमारे इंचभर मागे सरकल्याचं इंजिनिअरांनी सांगितलं.

एवढा खर्च करून एकच इंच?

हा प्रश्न सगळेच विचारतात. उपायाचा हेतूच मुळात टॉवर खेचून सरळ करण्याचा नव्हता. ५८ मजल्यांचं काँक्रीट एका बाजूने झपाट्याने उचललं, तर वरचा सांगाडा, काचा आणि पाइप यांना कलण्याने झाली नसती एवढी इजा उचलण्याने होईल.

इथे युक्ती चिकणमातीच्या मंद स्वभावाची आहे. उत्तर आणि पश्चिम कडांखालच्या मातीवरचा भार कमी केला, की तिथलं खचणं थांबतं. दक्षिण आणि पूर्व बाजूंची माती मात्र तिच्या गतीने थोडीथोडी दबत राहते. त्या बाजू हळूहळू खाली येतात आणि टॉवर आपल्या आपण ओळंब्याकडे परततो. ज्या कन्सॉलिडेशनने कल आणला, त्यालाच तो काढायला लावायचं. हिशेब दशकांचा आहे. पूर्ण सरळ होईल असं कोणी म्हणालेलं नाही.

उपायातली कच्ची बाजू म्हणजे नवे पाइल फक्त दोन कडांना आहेत. राफ्टच्या मध्याखाली काहीच नवं नाही. मध्यभाग दबत राहिला तर कडा धरलेल्या आणि मध्य खोलगट अशी स्थिती वाढू शकते. त्यामुळे मोजमाप बंद करून चालणार नाही.

सगळा टॉवर नव्या पायावर का घेतला नाही? राफ्टखाली शिरायचं तर तळघरातून, छताच्या ठेंगण्या उंचीत, आधीच ठोकलेल्या ९५० पाइलच्या मधून भोकं पाडत जावं लागलं असतं. खर्च कित्येक पटींनी वाढला असता, आणि प्रत्येक भोकागणिक खालची माती पुन्हा ढवळली गेली असती.

मुंबईत असं होईल का

मुंबई बेटाच्या बऱ्याच भागात काळा पाषाण तुलनेने वर लागतो. उंच टॉवरचा राफ्ट थेट खडकावर टेकवतात, किंवा जागेवरच भोक पाडून ओतलेले पाइल खडकात काही फूट रुजवतात. दोन्ही बाबतींत मिलेनियमसारखं सावकाश खचणं संभवत नाही. इथल्या चुका निराळ्या असतात. मुरुमालाच पक्का खडक समजून बोअर थांबवणं ही एक. भोकाच्या तळाचा गाळ नीट धुऊन न काढता काँक्रीट ओतणं ही दुसरी. पाइलचं टोक मग खडकावर न टेकता गाळाच्या थरावर टेकतं, आणि वरून कोणाला काही दिसत नाही.

खाडीलगत चित्र बदलतं. नवी मुंबई आणि न्हावा-शेवा परिसरात समुद्री चिकणमातीचे मऊ थर आहेत. तिथे मोकळ्या जागा, रस्ते आणि बंदराची आवारं यांच्यासाठी आधीच पाणी काढून घेण्याची पद्धत वापरतात. चिकणमातीत मीटर-दीड मीटर अंतराने प्लॅस्टिकच्या निचरापट्ट्या उभ्या उतरवतात आणि वर काही महिने मातीचा भराव रचून ठेवतात. पाण्याला जायला जवळची वाट मिळाली की दशकांचं दबणं महिन्यांत उरकतं. चक्का करूनच मग त्यावर बांधायला घ्यायचं.

अशा जागी पाइलवर उभी असलेली इमारत हलत नाही, भोवतीची जमीन मात्र खाली जाते. इमारतीच्या दाराशी पायरीएवढी फट पडते, प्लिंथभोवतीची फरशी उखडते, आणि ड्रेनेजचा पाइप इमारतीतून बाहेर येतो तिथेच तुटतो. सोसायटीत दर पावसाळ्यानंतर तोच जोड तुटत असेल, तर प्लंबरला दोष देण्याआधी जमिनीची पातळी मोजून घ्यावी. लवचिक जोड बसवला की बहुधा तो त्रास सुटतो.

फ्लॅट घेणाऱ्याने यातून काय विचारावं

मातीचा अहवाल मागावा आणि त्यात दोनच आकडे शोधावेत: बोअर किती खोल नेले, आणि पाया कोणत्या थरावर, किती खोलीवर टेकला आहे. पाया चिकणमातीवर किंवा तिच्या वरच्या रेतीवर असेल तर अपेक्षित खचण्याचा आकडा, आणि तो किती वर्षांत गाठला जाईल हेही अहवालात असायला हवं. आकडा आहे पण वर्षं नाहीत, असं असेल तर तो अर्धवट समजावा.

कायद्याची मुदतही पाहून ठेवावी. रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत दाखवून दिलेला बांधकामातला दोष विकासकाने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. लिफ्ट, गळती, तडे यांना ती मुदत पुरते. कन्सॉलिडेशनला पुरेलच असं नाही. मिलेनियमच्या रहिवाशांना खचणं कळलं ते इमारत पूर्ण झाल्यावर सात वर्षांनी. कॅलिफोर्नियात लपलेल्या दोषांसाठी १० वर्षांची मुदत आहे म्हणून त्यांना दाद मागता आली.

आणि शेजारच्या प्लॉटवर पुनर्विकासाचं खोदकाम सुरू होणार असेल, तर खड्डा पडण्याच्या आधी सोसायटीने आपल्या स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडून तीन गोष्टी करून घ्याव्यात. इमारतीच्या चारही कोपऱ्यांच्या कॉलमवर पातळीच्या कायम खुणा बसवून त्यांचं पहिलं मोजमाप नोंदवणं, आज असलेल्या तड्यांचे तारखेसह फोटो, आणि आवारात एक निरीक्षण बोअर, ज्यात भूजलाची पातळी दर आठवड्याला मोजता येईल. पहिलं मोजमाप खोदकामानंतर घेतलं तर भांडणात त्याचा उपयोग नसतो. शेजारच्या विकासकाकडून शोअर पाइलची, म्हणजे खड्ड्याच्या कडा धरून ठेवणाऱ्या खांबांची आखणी आणि रोज किती पाणी उपसणार याचा आकडा लेखी मागून घ्यावा. मोजमापाची नोंद खोदकाम संपल्यावरही निदान दोन पावसाळे चालू ठेवावी.